भिंतीवर टेकलेला तळहात

राजापूरजवळच्या आमच्या आजोळच्या घराच्या भिंती जांभ्याच्या. जांभा पाणी पितो हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून मृगाआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधत, झड थेट चिऱ्यावर बसू नये यासाठी. तरी श्रावणात माजघराच्या कोपऱ्यात ओल उतरेच. मग आजोबा गवंडीकाकांना बोलावत. ते आले की आधी भिंतीवर तळहात टेकवत आणि बराच वेळ गप्प राहत. मला वाटे, भिंतीला ताप आलाय. मग ते बाहेर जाऊन पागोळ्या कुठे पडतात ते बघत. हत्याराला हात त्यानंतर.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आईच्या उशाशी डाग उमटला तेव्हा तो तळहात मला फार आठवला. आलेल्या पहिल्या कारागिराने पोपडे खरवडून पुट्टी भरली, दुसऱ्याने महागडं केमिकल फासलं. दोघांनीही डागच पाहिला. वर्षभरात भिंतीवर पुन्हा पांढरी भुकटी आली. हा लोणा. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी सुकतं, क्षार तिथेच साठून गिलावा ढकलतात. वरून कितीही रंग द्या, आतला ओलावा वाट काढतोच. खोलीत कुबट वास, आणि आईचा खोकला थांबेना.

सोसायटीच्या वॉचमनने एका वयस्कर मिस्त्रींचं नाव सुचवलं. ते आले, भिंतीला तळहात लावला. माझ्या पोटात हललं.

"मे महिन्यातही ओलच असते का, ताई?"

"हो."

"मग हे पावसाचं पाणी नाही. वापराचं आहे."

तीन वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ते वरच्या मजल्यावर गेले, बाथरूमचा नहाणी ट्रॅप बोळ्याने बंद करून रंगीत पाणी कोंडून ठेवलं. रात्रभरात पाणी उतरलं, आणि आमच्या भिंतीवर फिकट गुलाबी रेघ आली. ट्रॅपजवळचा सांधा गेला होता. वरच्या वहिनींनी स्वतःची फरशी फोडू दिली, हे मी विसरणार नाही.

काम झालं. मी रंगाचं विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "घाई नको. दिवाळी जाऊ द्या, भिंतीला सुकू द्या."

गिलावा काढलेल्या उघड्या विटा तशाच आहेत. सकाळी चहाआधी आई उठून तिथे तळहात टेकवते. मी दारात थांबते.

"आज कोरडी वाटते गं," ती म्हणते, आणि हात लगेच काढत नाही.