वैशाख शुद्ध अष्टमीचा बेत

धाराशिवात मार्च संपला की दुपारी घराबाहेर पाय ठेववत नाही. गाव बालाघाटाच्या माथ्यावर आहे, त्यामुळे रात्री उशिरा जरा वारा सुटतो. पण मे महिन्यात पारा चाळिशीपल्याड गेला की भिंतीसुद्धा पहाटेपर्यंत ऊन सोडत नाहीत. माझ्या मुलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. यंदा उन्हाळ्यात त्यांना कोकणात न्यायचं आणि तंबूत राहायचं, असं घरात ठरलं. किनाऱ्याला लागून दाट झाडी हवी, ही माझी अट. उघड्या वाळूत तंबू ठोकला तर सकाळी नऊलाच आतून उकडून बाहेर पडावं लागेल. म्हणून गुहागर निवडलं. लांबलचक किनारा, त्याच्या कडेनं सुरूचं बन आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या.

आईला सांगितलं तेव्हा ती तूरडाळ निवडत होती. "कापडाखाली निजायला एवढ्या लांब जायचं?" एवढंच बोलली. मग बरेच दिवस तिनं तो विषयच काढला नाही.

आमचं मूळ घर सास्तूरचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमचा सगळा पट्टा अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाढ झोपला होता. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात त्याच घरांनी पिढ्यान्पिढ्या गारवा दिला होता. त्या पहाटे तेच माळवद माणसांवर आलं. आजोबा आणि धाकटी आत्या गेली. वर पाऊसही लागला. आधी ताडपत्री, मग मदतीचा तंबू, मग पत्र्याचं शेड. मी लहान होते, मला ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज तेवढा आठवतो. आईनं मात्र त्या चिखलात चूल पेटवली, आजारपणं काढली. नवीन गावठाणात पक्कं घर मिळाल्यावरही ती कितीतरी वर्षं आत झोपायला तयार नव्हती.

आमच्या जिल्ह्यात छपराविना राहणं हौसेनं कुणी करत आलेलं नाही. वाशी, भूम, कळंबकडची माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याच्या तळावर कोपी घालून सहा-सहा महिने तीत संसार करतात. आनंदानं उघड्यावर राहायचं म्हटलं तर आम्हाला येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा माहीत. पालखी आमराईत असते, माणसं झाडांखाली पालं ठोकतात, तिथंच चुली मांडतात. आईच्या मनात तंबूसाठी कुठे जागा असेल तर ती यात्रेच्या बाजूलाच असणार, असं मला वाटत होतं. म्हणून तिला समजावत बसण्यापेक्षा मी तिला कामाला लावायचं ठरवलं.

पहिलं काम तिथीचं. कोकणातले लोक भरती-ओहोटीसाठी घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानं मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली ओढलं जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार सगळ्यात कमी. कधी समुद्र न पाहिलेल्या पोरांसाठी हीच तिथी बरी. शिवाय अष्टमीला दुपारी बारा ते संध्याकाळी सहा पाणी चढतं असतं. पाण्यात उतरायचं ते चढत्या भरतीत, ओहोटीत नाही, असं तिथली माणसं बजावून सांगतात. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. ऊन उतरल्यावर चार-पाचच्या सुमारास मुलं गुडघाभर पाण्यात खेळतील ती वेळ यात नेमकी बसते.

हे सगळं मी आईपुढे भिंतीवरची दिनदर्शिका ठेवून सांगितलं. पाऊणपटीचा हिशेब तिला फार आवडला. तिनंच बोटांवर मोजून सांगितलं, "अक्षय तृतीया घरी करायची, पितरांना पाणी दिल्याबिगर निघायचं न्हाई. मग शुद्ध अष्टमी धर." शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो, हा आणखी एक फायदा. बॅटऱ्या न पेटवता वाडीत वावरता येतं.

बॅटऱ्या न पेटवण्याचं महत्त्व कासवांमुळे. गुहागरचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा. मादी वाळूत अंडी घालून जाते, साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं निघतात, उन्हाळ्यातही ती निघत असतात. पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात. माणसाचा दिवा दिसला तर समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्याच दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली होती. त्यांची नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. हे वाचून दाखवल्यापासून माझी मुलगी नकाशावर तिची वाट काढत असते. तेव्हा किनाऱ्यावर तंबू नको, शेकोटी तर मुळीच नको. एका वाडीवाल्यांशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्या वाडीच्या टोकाला, सुरूच्या सावलीत जागा मिळणार आहे. विहीर आहे, संडास आहे. नारळाखाली तंबू लावू नका, झावळी किंवा नारळ कधी पडेल सांगता येत नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मेमध्ये फणसाखालचीही जागा टाळायची.

एक गोष्ट मी मुलांना आधीच स्पष्ट सांगितली. कोकण म्हणजे महाबळेश्वर नव्हे. तिथं पारा आपल्यापेक्षा सात-आठ अंशांनी खाली असेल, पण हवा दमट, घाम वाळत नाही. गारवा मिळतो तो सावलीमुळे आणि वाऱ्यामुळे. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. तंबू निवडताना ते पाठांतर कामाला आलं. दोन्ही बाजूंना दारं आणि आत जाळी असलेलाच तंबू घेतला, आणि एक दार समुद्राकडे, एक जमिनीकडे असा तो लावायचा. एकाच दाराच्या तंबूत श्वासाची वाफ आतल्या कापडाला लागून पहाटे थेंब गळतात. वरचं पाण्याचं कापड ओढून घ्यायचं ते पावसाची चिन्हं असतील तरच. मेच्या मध्यावर तिथं ढगांकडे लक्ष ठेवावंच लागतं. २०२१ चं तौक्ते वादळ मेच्या मध्यातच कोकणाला घासून गेलं, त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बागा भुईसपाट केल्या. सुरूची मुळं वरवरची असतात, वादळात ते झाड भरवशाचं नाही. हवामान खात्यानं इशारा दिला तर निघायचं नाही, हे मी मुलांकडून कबूल करून घेतलं आहे.

तंबूची तालीम तेरला केली. भावाचं शेत तिथं तेरणेच्या काठाला आहे आणि उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं असतं. लोखंडी खुंट्या सुक्या वाळूत हातानं ओढल्या तरी निघून येत होत्या. भावानं खताच्या रिकाम्या गोण्या वाळूनं भरल्या, गुडघाभर खड्ड्यात पुरल्या आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. मग तंबू हलेना. दुपारी मुलांना तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेलं. तिथली हस्तिदंती बाहुली त्यांना दाखवली. हेच तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात इथला माल भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. आमच्या मुलखातून समुद्राकडे जाणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वीही मळलेली होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा आई तंबूपाशी उकिडवी बसली होती. तिनं एक गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, ओढली तर घट्ट होईल आणि शेपूट खेचलं की सुटेल अशी. "तवा ताडपत्रीला अशीच बांधायचो. रात्रीचं वारं सुटलं तर अंधारात सोडता यायला पायजे." मग तिनं सुती दोरी न्यायची नाही म्हणून सांगितलं, भिजली की आखडते आणि कापड फाटतं. जागा थोडी उंचावरची घ्या, म्हणाली. पाणी कुठून येईल ते आधी बघायचं, भांडी मागून मांडायची. त्या वेळचं एवढं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी वहीत लिहून घेत गेले. तिथं विंचू असतात का, हेही तिनं विचारलं. असतात, लाल विंचू कोकणात पुष्कळ. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवून देणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडचे, मूळचे आपल्या मराठवाड्यातले, हे सांगितल्यावर तिला धीर आला. तंबूची चेन कायम बंद, चपला झटकून घालायच्या, हे नियम तिनंच मुलांना घालून दिले.

राहिला रस्ता. बार्शी, पंढरपूर, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. लहान मुलं घेऊन एका दमात इतकं अंतर नको, म्हणून मुक्काम कराडला करावा असं माझं आणि नवऱ्याचं ठरत होतं. आई नकाशाकडे बघत होती. कोयनानगरवर बोट ठेवून म्हणाली, "हितं बी झाला होता न्हवं?"

झाला होता. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, तोही पहाटेचाच.

"मग मुक्काम हितंच करू. माणसं कशी ऱ्हायली, घरं कशी बांधली, इचारू कुणाला तरी. माझ्या वयाचं कुणी असलंच की तिथं."

कराडची चौकशी तिथंच थांबवली. कोयनानगरला पक्क्या खोलीत एक रात्र, मग सकाळी घाट उतरून गुहागर. गाडीत पुढची जागा आईची. गोण्या इथूनच न्यायच्या, रिकाम्या.