परसातला पेरू

हुबळी-धारवाड रस्त्यावरील रायापूरला आमच्या घराच्या परसात पेरूचे एक झाड होते. जवळच्या नवलूर गावचे पेरू या भागात प्रसिद्ध. तेथूनच आईने त्याचे कलम आणले होते. दर हिवाळ्यात पहिल्या तोडीची करंडी बेळगावला, तिच्या थोरल्या भावाकडे जाई. मामा आजारी असत. पण करंडीची वाट पाहत.

मी तेव्हा अकरावीत होतो आणि वनस्पतिशास्त्र नव्यानेच शिकत होतो. एके दिवशी पेरूचे पान आणि कच्च्या पेरूची साल निरनिराळ्या परीक्षानळ्यांत स्पिरिटमध्ये घालून मी गरम पाण्यात ठेवली. दोन्हींत हिरवा रंग उतरला. सालीत हरितद्रव्य आहे, म्हणजे फळ आपले अन्न आपणच तयार करते, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो! फळांना भरपूर ऊन मिळावे म्हणून त्यांच्या आसपासची सारी पाने खुडून टाकली.

फळे लिंबाएवढीच राहिली. काहींच्या साली उन्हाने करपल्या. आई एवढेच म्हणाली, “चूल विझवून पंगत बसवलीस की रे बाळ!” त्या वर्षी बेळगावला करंडी गेली नाही. पुढच्या हंगामापर्यंत मामा राहिले नाहीत.

माझा प्रयोग खोटा नव्हता. निष्कर्ष अपुरा होता. हिरव्या सालीतही प्रकाशसंश्लेषण चालते. परंतु पेरूच्या पानाच्या खालच्या अंगास असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात आणि त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो. फळाच्या सालीवर अशी रंध्रे फार थोडी. त्यामुळे साल बाहेरून फारसे मिळवीत नाही. फळाच्या श्वसनातून सुटणारा वायूच ती काही अंशी पुन्हा पकडते व त्याची साखर बनविते. ही झाली घरातली काटकसर. फळ भरते ते मुख्यतः पानांनी तयार करून देठावाटे धाडलेल्या साखरेवर. पिकताना सालीतले हरितद्रव्य ओसरते, तेव्हा ती काटकसरही सरते.

फळे धरण्यापूर्वीची छाटणी निराळी. तीनंतर नवी पालवी फुटते आणि त्या पालवीवरच पेरूला फुले येतात. भरत्या फळाजवळचे पान मात्र तोडू नये.

आई त्या प्रसंगाविषयी पुन्हा कधी बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यात झाड लगडले, तेव्हा पहिली करंडी तिने माझ्याच हाती देऊन मामींकडे धाडली.