पाळण्याच्या कडीला पंखा

आता छताचा पंखा बसवायला अर्धा तास पुरतो. खोकं दाराशी येतं, मागोमाग बसवणारा मुलगा येतो, आणि घरातली माणसं मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत तो निघूनही जातो. आमच्या लहानपणी बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्यात पंखा बसवणं हे घरचं कार्य असायचं. सत्यनारायणाइतकं मोठं नसेल, पण चहा मात्र तेवढाच लागायचा.

घरं तेव्हा माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. पंखा हुमनाबादेहून नाहीतर बिदरहून बसच्या टपावर बांधून आणला, तरी तो टांगायचा कशाला, हा प्रश्न उरायचाच. तुळईला लोखंडी कड्या असत, पण त्या पाळण्यासाठी. मधल्या घरातली कडी नेमकी पंख्याच्या जागी, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा डोळा, आणि आजीचा एकच सवाल, "मग पाळणा कुठं बांधायचा?" घरात नवी सून असताना कडी अडवणं तिला पसंत नव्हतं. शेवटी पाळण्याला दुसरी तुळई मिळायची आणि कडी पंख्याकडे जायची. आमच्यातल्या किती तरी धाकट्या भावंडांना पाळण्याची मूळ जागा मिळाली नाही ती यामुळे.

वायरमन संध्याकाळी ड्यूटी संपवून सायकलवर यायचा. आमच्याशी दखनीत बोलायचा, हाताखालच्या पोराशी कन्नडमध्ये, आणि आजी फारच मध्ये मध्ये बोलायला लागली की मराठीत. "पहले मेन बंद करो, अम्मा," हे त्याचं पहिलं वाक्य. शिडी नव्हतीच, बाजेवर टेबल, टेबलावर स्टूल, आणि स्टुलाचे पाय धरायला आम्ही. एका पोराकडे वाटी, तिच्यात पात्यांचे स्क्रू. वाटीवाल्याला त्या दिवशी घरात भलताच मान. दांडी कडीत गेली, रबराचं बुश बसलं, बोल्ट आवळला, बोल्टाच्या टोकाशी पिन घालून तिची दोन्ही टोकं फाकवली, की मग पाती. तिन्ही पाती एका वजनाची लागतात. एखादं खोक्यातच वाकलेलं असलं तर पंखा डुलायचा. मग हलक्या पात्यावर नाणं चिकटवून तोल साधायचा. बटन दाबण्याआधी रेग्युलेटरच्या डब्यालासुद्धा हळदकुंकू लागायचं.

आताचा पंखा डुलत नाही आणि आताच्या पंख्याला कोणी कुंकू लावत नाही. भिंतीवरचा तो तापणारा डबाही गेला. त्याच्या आत रोधकाची तार असायची. पंखा हळू केला की अडवलेल्या विजेची उष्णता व्हायची, म्हणजे वारा कमी घेऊन आपण भिंत शेकत होतो. साधा पंखा पाचवर 75 वॅटच्या आसपास वीज खातो. नव्या बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरच्या, पंख्याचं तीस-पस्तीस वॅटमध्ये भागतं. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यावर स्टारची पट्टी सक्तीची झाली. त्याच वर्षी कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतून 200 युनिटपर्यंतची घरगुती वीज फुकट मिळू लागली. म्हणजे पंख्याचा खर्च निम्म्यावर आला आणि बिलाची भीतीही गेली. त्याबरोबर "रिकाम्या खोलीत कुणासाठी फिरतोय तो?" ही वडिलांची हाकही गेली. ती तेव्हा नकोशी वाटायची, आता रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला आपले आपणच उठतो, तर मुलं विचारतात, "रिमोट आहे ना?" रिमोट अर्थातच सापडत नसतो.

जुन्याचे गोडवे गाताना मातीचं मात्र आम्ही सोयीनं विसरतो. पंख्याच्या हादऱ्यानं माळवदातून बारीक माती झरायची. अंथरुणावर, डोक्यात, ताटात. म्हणून तुळयांखाली धडुत्यांचं कापड ताणून बांधत, आणि पानं मांडली की पंखा बंद. ऐन वैशाखात घाम पुसत जेवायचं, डोक्यावर नवाकोरा पंखा निवांत! पुढे स्लॅब पडला, माती गेली, तरी कित्येक घरांत जेवताना पंखा बंद करायची रीत वर्षानुवर्षं चालू राहिली. आता जेवताना पंखाही चालू, टीव्हीही चालू.

खरं तर माळवदाला पंख्याची तेवढी गरज नव्हती. मातीच्या जाड थरातून ऊन आत पोचायला वेळ लागतो. त्यात बिदरचा सगळा मुलूख उंचावरचा, कलबुर्गीइतका तापत नाही. दुपारी मधल्या घरात विंझण्यावर भागायचं. अक्षय्यतृतीयेला माठाबरोबर विंझणा दान द्यायचा, तो काही शोभेचा नव्हता. पंखा अटळ केला तो स्लॅबनं. दिवसभराचं ऊन पिऊन तो रात्री खाली सोडतो. गवंडी सळईचा हुक वाकवून काँक्रीटमध्येच पुरायचा आणि मालकाला विचारायचा, "पलंग कुठं येणार?" पंख्याची सोय ज्या छतानं केली, उकाडाही त्यानंच दिला. पण माळवद परत हवं का, असं कोणी विचारलं तर आम्ही हात जोडू. दर पावसाळ्याआधी वर चढून माती पसरायची, तरीही आषाढात घरभर पातेली मांडायची, आणि फळ्यांतून कधी विंचू पडेल याचा नेम नाही.

एका पंख्याखाली झोपण्याच्या आठवणी तर आम्ही फारच रंगवून सांगतो. सगळं घर ओळीनं, गप्पा, भुताच्या गोष्टी. ते सगळं होतंच. पण ओळ कशी लागायची, ते कोणी सांगत नाही. पंख्याच्या बरोबर खाली आजोबा, मग वडील-काका, मग आम्ही मुलगे, कडेला मुली. आई आणि काकू शेवटचं भांडं विसळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाठ टेकायच्या, तिथं पंख्याचा आवाज पोचायचा, वारा नाही. त्यांच्या हातात विंझणा असायचा, आणि तोही बहुतेक वेळा पाळण्यातल्या लेकरावर चालायचा.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंखा नुसता गुणगुणायचा. कंडेन्सर कमजोर असला तर जागचा हलायचाही नाही. मग केरसुणीच्या दांड्यानं पात्याला ढकलून चालता करायचा. हे काम उंच पोराचं, आणि वयानुसार बढती मिळायची. आता कंडेन्सर गेला की नवा घालतात, बीएलडीसीत तोही नसतो, आणि सर्किट गेलं तर गावातला वायरमन हात वर करून कंपनीचा नंबर देतो.

तरी खोलीगणिक पंखा, हीच गोष्ट चांगली झाली. चुलीपासच्या बाईच्या डोक्यावर पंखा आला, एवढ्यासाठी तुळई, कडी, हळदकुंकू सगळं गेलं तरी चालेल. हळहळायचं ते आम्ही हळहळूच. फक्त एक करा. जुना जड पंखा अजून कुठल्या खोलीत फिरत असेल, तर चैत्र लागायच्या आत वायरमनला बोलवा, मेन बंद करा आणि दांडीचं बुश झिजलंय का, बोल्टाची पिन जागेवर आहे का, ते बघून घ्या.