शिवणखोलीतला हिशेब

हजला नंबर लागला की घरात दोन याद्या सुरू होतात. एक बॅगेची. औषधं, चष्मा, चपला, छत्री, बिनवासाचा साबण. ती यादी सगळे मिळून करतात आणि त्यावर भांडतातही. दुसरी यादी कागदावर येत नाही. कुणाचं देणं राहिलंय, कुणाची वस्तू आपल्याकडं पडून आहे, कुणाशी बोलणं तुटलंय. निघण्याआधी माणूस घरोघर जाऊन 'कहा-सुना माफ करा' म्हणतो, उसनं फेडतो, अमानत परत करतो. यंदा अम्मीचा नंबर लागला तेव्हा तिच्या दुसऱ्या यादीतलं जवळजवळ सगळं एकाच ठिकाणी होतं, मिरजेच्या घरातल्या दहा बाय आठच्या शिवणखोलीत.

त्या खोलीत अम्मीनं चाळीसेक वर्षं बायकांचे कपडे शिवले. ब्लाउज, परकर-पोलकी, सलवार-कमीज, बुरखे, नर्सबायांचे पांढरे युनिफॉर्म, साड्यांना फॉल-पिको. मिरजेत शिवणाऱ्या बाईला हंगाम तीन. ईद, दिवाळी आणि नाताळ. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून इथं नाताळही घरचाच सण आहे. त्यात ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षं रमजान ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आल्या. त्या वर्षांत अम्मी सहरीला उठायची ती मशीनवरच बसायची. खोलीतली बरीचशी अर्धवट गाठोडी त्याच काळातली निघाली. हंगाम संपला, बाई आली नाही, कपडा कपाटात मागं ढकलला गेला.

दोन वर्षांपासून अम्मीनं कामं घेणं बंद केलंय. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय. सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही. म्हणून मी दोन आठवड्यांची रजा काढून गेले. ती पलंगावर बसणार, मी कपाट उपसणार, असं ठरलं.

भाभीनं जपानच्या मारी कोंडोचे व्हिडिओ बघितले होते. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का बघायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. स्वतःच्या कपाटाला ही पद्धत उत्तम आहे, मी पुण्याच्या घरी वापरलीही आहे. पण शिवणाऱ्या बाईच्या खोलीत तिचं स्वतःचं असं असतं काय? मशीन, कात्री, टेप, अंगुस्तान, खडू. बाकी सगळं लोकांचं. अम्मीला तीन ढीग, पाच डबे, रंगानुसार मांडणी असलं काही नको होतं. प्रत्येक गाठोड्याला तिचा एकच प्रश्न: "ये किसका है, वो पहले बोल."

ते सांगायला होती मापाची वही. खरं तर वह्या, नऊ. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, सगळं इंचात. नावं मात्र क्वचितच. 'दवाखान्यातली उंच', 'पेठेतली बांगड्यावाली', 'जुळ्यांची आई', 'कृष्णाघाट, हळू बोलते'. मला ह्या नोंदी वाचून हसू येत होतं, अम्मीला मात्र चेहरे दिसत होते. एक माप वाचलं की ती थांबवायची. "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे ना तिचा? मग ती भाजीवाली." माणसांना अशा तऱ्हेनं ओळखणारी दुसरी व्यक्ती म्हणजे डॉक्टर असावी.

एकूण ३७ गाठोडी निघाली. अम्मीनं नियम घालून दिला. जे कापड कापलेलं नाही ते तसंच, धुऊन इस्त्री करून, मालकिणीला परत. जे कापलंय ते शिवूनच द्यायचं, कारण कापलेला ब्लाउजपीस कुणाच्याच कामाचा नसतो. न कापलेलं कापड निदान कापड असतं. कुरआनात सूरह नहलमध्ये एका बाईचा दाखला येतो, मेहनतीनं पक्कं सूत कातून मग तेच उसवून टाकणारीचा. तो दाखला दिलेल्या शब्दाबद्दल आहे, वचन मोडू नये म्हणून. अम्मी तो शब्दशः आपल्या धंद्याला लावते. कात्री लावली म्हणजे शब्द दिला.

शिंप्याच्या धंद्यावर लोकांचा संशय जुना आहे. शिंपी आईच्या कफनातलंही कापड मारतो, इथपर्यंत लोक बोलतात. आणि ह्याच धंद्यात बसलेली नावं बघा! मुस्लीम परंपरेत पहिल्यांदा सुई हातात घेतली ती हजरत इदरीस यांनी, असं मानतात. उत्तरेतले मुस्लीम शिंपी स्वतःला इद्रीसी म्हणवतात ते त्यामुळंच. आणि इकडं आपले नामदेव, तेही शिंपीच. अम्मी उरलेला बोटभर तुकडासुद्धा ब्लाउजच्या घडीत ठेवून देत असे. 'राहू दे गं तुझ्याकडं' असं बाईनं स्वतः म्हटलं तरच तो चिंध्यांच्या पोत्यात जायचा. त्यामुळं आमच्या घरातलं ते पोतं सगळं परवानगीचं होतं, आणि त्याचा अम्मीला थोडा गर्वही होता.

शिवायला बसण्याआधी मशीन जागी करावी लागली. काळी पायमशीन, दोन वर्षं झाकलेली. दात्यांवरची पट्टी काढली तर खाली धाग्यांच्या भुश्शाचा जाड थर. तो जुन्या टूथब्रशनं काढला, शटल साफ केलं, भोकाभोकात तेल सोडलं आणि पहिली दहा मिनिटं चिंधीवर नुसतीच मशीन चालवली, नाही तर कपड्याला तेलाचे डाग पडतात. चामड्याची वादी सैल पडली होती, इंचभर कापून पुन्हा जोडली. रिळं तपासली. सुती दोरा जुना झाला की कुजतो. वीतभर ओढून झटका द्यायचा, तटकन तुटला तर रीळ बाद. निम्मी रिळं बाद झाली. हुकांची कार्डं गंजलेली, इलॅस्टिकचं पीठ झालेलं. फेकण्यासारखं खोलीत खरोखर एवढंच निघालं.

मग मी शिवत गेले. मी काही अम्मी नव्हे. टीप सरळ येते, पण बाही बसवताना मला तीनदा उसवावं लागतं. ती पलंगावरून आवाज ऐकून सांगायची, "दोरा घट्ट आहे, वरचा ढिला कर." आणि खरंच घट्ट असायचा.

बहुतेक वस्तू किरकोळ होत्या. एका परकराचा नेफा. चार ब्लाउजांची काजं. एक जुजदान, त्याला नाडीच लावायची राहिली होती. एक झबलं, ज्याच्या बाळाचं आता लग्न ठरलंय. ते झबलं घेताना त्याची आई इतकी हसली की शेजारच्या बायका जमल्या.

सगळीकडं हसणं नव्हतं. एका नर्सबाईंचा युनिफॉर्म निघाला, फक्त कॉलर लावायची बाकी. त्या २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेल्या. अम्मीला ते माहीत होतं, पण कपाटात त्यांचं काही आहे हे माहीत नव्हतं. आता कॉलर लावायची का? मी म्हटलं, घालणारंच कुणी नाही. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लाव. माणूस गेल्यावर त्याचं देणं संपत नाही, वारसांकडं जातं. मी कॉलर लावली, इस्त्री केली आणि त्यांच्या मुलीला नेऊन दिला. तिनं तो उलगडला नाही. घडीवरूनच हात फिरवला आणि शिलाई किती म्हणून विचारलं. घेणार नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मी पैसे घेतले. तिलाही तिच्या आईचा हिशेब पुरा करायचा असणार.

सगळ्यात खालच्या खणात २००९ सालचं गाठोडं होतं. गुळेदगुड्डचा खण, गर्द हिरवा, लाल काठाचा. कापलेला, पाठीला अस्तर जोडलेलं, बाह्यांना काठ लावून तयार, पण बाह्या बसवायच्या राहिलेल्या. चिठ्ठीवर नाव स्वच्छ लिहिलेलं. ह्या बाईंना टोपणनाव लागलं नव्हतं, कारण त्या रोजच्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्या वर्षी सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या दिवसांत, एका कमानीवरून मिरजेत दंगल झाली, कर्फ्यू लागला. कर्फ्यू उठला, दुकानं उघडली, पण अम्मीच्या काही गिऱ्हाइकांची वाट बदलली. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं त्यांच्यात काही घडलंच नव्हतं. काकूही येईनाशा झाल्या. अम्मी बाजारात दिसली की त्या मान हलवायच्या, अम्मीही हलवायची, झालं.

माप २००९ चं. आताचं कोण सांगणार? इथं अम्मीची जुनी सवय कामी आली. ती प्रत्येक ब्लाउजच्या बाजूला दीड-दीड इंच माया सोडते. गिऱ्हाइकं कुरकुरायची, आत जाड लागतं म्हणून, पण बाईचं अंग एकसारखं राहत नाही हे तिला ठाऊक. आम्ही बाह्या पक्क्या केल्या, हुक लावले आणि बाजूच्या शिवणींना नुसता कच्चा धावदोरा घातला. उसवून हवं तेवढं मोठं करता येईल असं. सोबत एका पाकिटात वीस रुपये. काकूंनी तेव्हा आगाऊ दिलेले, वहीत नोंद होती. अम्मी म्हणाली, एवढ्या उशिराच्या कामाचे पैसे मी ठेवून कुठं जाऊ?

मी गेले. काकूंनी दार उघडलं, ओळखलं, आत बोलावलं. ब्लाउज उजेडात धरून बाह्या बघितल्या. "काठ कसा जुळवलाय बघ," त्या मला म्हणाल्या, जणू मी परकी आणि अम्मी त्यांची. मग बाजूचा धावदोरा दिसला. मी म्हटलं, माप बघून पक्कं करता येईल, अम्मी घरीच आहे. त्या म्हणाल्या, "बघते. इकडंच कुणाकडून मारून घेईन टीप." वीस रुपये त्यांनी घेतले, देवघराच्या फळीवर ठेवले. चहा झाला. दंगलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. निघताना दारात म्हणाल्या, "कधी निघायचंय तुझी आई? तिथं माझ्या गुडघ्यांसाठी पण माग म्हणावं."

अम्मीला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कौनसा घुटना?"

एक काम अम्मीनं मला करू दिलं नाही. तंबोऱ्याची गवसणी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली वाद्यं देशभर जातात, इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वाद्यासोबत गवसणी लागते, आणि ती शिवणाऱ्या बायका गल्लीबोळांत बसलेल्या असतात, त्यांचं नाव कुठल्या कागदावर येत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे ते मोठे भोपळे, एकासारखा एक नसतो. म्हणून प्रत्येक गवसणीचं माप वेगळं. वर जाड कापड, मध्ये कापसाचा थर, आत मऊ अस्तर, जेणेकरून पॉलिशला ओरखडा जाऊ नये. एवढी जाडी शिवायला १८ नंबरची सुई लागते आणि मशीन पायानं नाही, हातानं चाक फिरवत टाक्या-टाक्यानं पुढं न्यावी लागते. अम्मी म्हणाली, ह्याला डोळा लागत नाही, बोट लागतं. भोपळ्याच्या गोलाईवर तिनं बोटांनी चुन्या चाचपत गवसणी पुरी केली. दोन दुपारी गेल्या. मी फक्त सुईत दोरा ओवून देत होते.

चार गाठोड्यांचे मालक सापडलेच नाहीत. वहीत नोंद नाही, अम्मीला आठवेना, मोहल्ल्यात विचारून झालं. मौलानांनी सांगितलं, मालकाच्या नावानं सदका करून टाका, आणि पुढंमागं कुणी मागायला आलं तर भरून द्यायची तयारी ठेवा. अम्मीनं ती चारही शिवून घेतली, मगच दिली. त्यांचं वर्णन, रंग आणि माप मी नवव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. वही तिनं भाभीकडं सोपवलीय.

उरलं चिंध्यांचं पोतं. हाजींच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात की मुजदलिफात हरभऱ्याएवढे खडे वेचून जवळ ठेवायचे असतात. शैतानाला मारायला पहिल्या दिवशी सात, पुढचे दोन दिवस रोज एकवीस, म्हणजे ४९. मिनामध्ये १३ जिल्हजपर्यंत थांबलं तर ७०. त्याला बटवा लागतो. हरममध्ये चपला ठेवायला पिशवी लागते, ती खांद्याला अडकवता आली पाहिजे, नाही तर दारात सोडलेली चपल हजारोंत सापडत नाही. आणि विमानतळावर सगळ्यांच्या बॅगा सारख्या दिसतात, म्हणून दांडीला रंगीत पट्टी बांधायची. अम्मीच्या गटात पंचवीस जण. पंचवीस बटवे, पंचवीस पिशव्या, पंचवीस पट्ट्या. चार दिवस तेच काम चाललं. कुणाच्या दिवाळीच्या साडीचा पदर, कुणाच्या ईदच्या दुपट्ट्याची किनार, नर्सबायांचा पांढरा टेरिकॉट. काकूंच्या खणातले, कधीकाळी त्यांनीच राहू दे म्हटलेले, दोन हिरवे तुकडे होते. अम्मीनं ते वेगळे काढले आणि स्वतःच्या बटव्याला लावले. नाडी ओवली, दोनदा ओढून बघितली आणि बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवून दिला.