मिटता येणारं छप्पर

पिकअप ट्रकच्या पाठीवर घर बसवून फिरायची हौस अमेरिकेत जुनी आहे. जॉन स्टाइनबेक 1960 साली आपला देश पाहायला निघाला तो अशाच ट्रकमधून. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्यानं गाडीचं नाव ‘रोसिनांते’ ठेवलं. ती गाडी आज कॅलिफोर्नियात, सॅलिनासच्या स्टाइनबेक संग्रहालयात उभी आहे. पण तिचं छप्पर कायमचं उंच. मला वेड लागलं ते रस्त्यावर मिटून राहणाऱ्या आणि मुक्कामाला उघडणाऱ्या कॅम्परचं. मिटलेला कॅम्पर ट्रकच्या टपावर फारसा डोकं काढत नाही. त्यामुळे वारा कमी अडतो, गाडी वळणावर झोल खात नाही, पेट्रोलही कमी लागतं. मुक्कामाला पोचलं की बाहेरचे खटके सोडायचे, वाकून आत शिरायचं आणि छताला खांदा द्यायचा. दुमडलेल्या फळ्या बिजागरीवर सरळ होतात, चारी बाजूंचं कापड ताणलं जातं, आणि आतापर्यंत कंबरेत वाकलेला माणूस ताठ उभा राहतो. हा क्षण मला अजून जुना झालेला नाही.

आमचा कॅम्पर 1979 सालचा. आत लाकडी पट्ट्यांची चौकट, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा. आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. इथली हवा कोरडी म्हणून लाकूड टिकलं असेल, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण पाण्याला एक स्क्रूचं भोक पुरतं. पलंगाचा भाग ट्रकच्या केबिनवर पुढे आलेला असतो, आणि त्याचे खालचे दोन कोपरे म्हणजे या गाड्यांचं मर्मस्थान. छताच्या सांध्यातून, पुढच्या नारिंगी दिव्यांच्या मागून, कडेच्या पट्टीखालून आलेलं सगळं पाणी तिथे जाऊन बसतं. बाहेरून पत्रा चकचकीत दिसतो. आम्ही तो उकलला तेव्हा डाव्या कोपऱ्यातलं लाकूड चिमटीत भुगा होऊन हातात आलं, तपकिरी आणि ओलसर, आणि गंध जंगलात पावसाळ्यानंतर येतो तसाच. कुणीतरी वरून सिलिकॉनचा जाड थर फासला होता. त्यानं आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायची वाटही ठेवली नव्हती. शिवाय सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, म्हणून तो आधी कणाकणानं खरवडावा लागतो.

मग काम सुरू झालं. कुजलेलं लाकूड धड लाकडापर्यंत कापायचं, शेजारी नवी पट्टी इपॉक्सीनं जोडायची, पत्रा पुन्हा बसवायचा आणि कडेच्या पट्टीखाली ब्यूटाइलची टेप घालायची. हे ब्यूटाइल मला फार आवडतं. स्क्रू आवळला की ते दोन्ही बाजूंनी बाहेर येतं, ते प्लास्टिकच्या पट्टीनं कापून टाकायचं. ते कडक होत नाही. ट्रकची चॅसी खडबडीत रस्त्यावर पिळली जाते, वरचं घरही तिच्याबरोबर थोडं थोडं पिळतं, आणि ब्यूटाइल त्या हालचालीसोबत जातं. ताठ राहून जे फुटलं असतं ते लवचिक राहून टिकतं.

खरी परीक्षा कापडाची होती. जुनं कापड घड्यांवर चिरलं होतं. नवं कापड, जाड पॉलिस्टरचा दोरा आणि कापड वरूनही पुढे सरकवणाऱ्या पायाचं शिलाई मशीन मिळालं, पण हातात कसब कुठून आणायचं? माझे काका कोल्हापुरात जीपचे हूड आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवत आले आहेत. रात्री त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी कॅम्पर बघायच्या आधी कापडाची कड जवळ धरायला सांगितली.

“पोरी, पाणी कापडातनं येत न्हाई, सुईच्या भोकातनं येतंय,” ते म्हणाले. “दोन्ही काठ एकमेकांत दुमड, आणि वरचा काठ खाली तोंड करून ठेव. कौलं घालतात ना, तशी.”

“काका, आणि माप? ताणून घेऊ?”

“ताणू नगंस. मिटल्यावर हे कापड कुठं जाणार, ते आधी बघ.”

हे दुसरं वाक्य मला मोलाचं वाटतं. मी कापडाच्या उंचीचाच विचार करत होते. काका घडीचा करत होते. छप्पर खाली येतं तेव्हा कापड आत वळलं पाहिजे, नाहीतर ते कडेत सापडून चिमटतं आणि तिथेच फाटतं. म्हणून आम्ही कापडाच्या आत मधोमध इलॅस्टिकची दोरी फिरवली. आता छप्पर उतरताना ती कापड आत ओढून घेते.

गॅसची नळी, दिवे, जुना फ्रिज, हे सगळं बदलून झालं. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून: गॅस सूचक जमिनीलगत लावायचा, कारण प्रोपेन हवेहून जड असतो आणि खाली साचतो. मुलं खालच्या गादीवर झोपतात, म्हणून मी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

सुधारणा करताना मोह फार होतात. छतावर एसी बसवा, सौर पट्ट्या लावा, सामानाची जाळी टाका. पण असा एसी पस्तीस-चाळीस किलोंचा असतो, आणि छतावरचा प्रत्येक किलो रोज संध्याकाळी कुणाला तरी खांद्यावर उचलावा लागतो. म्हणून छत मोकळं ठेवलं. सौर पट्टी दुमडणारी घेतली, ती उन्हात जमिनीवर मांडतो आणि गाडी सावलीत राहते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच क्षमतेच्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही हलकी, म्हणून ती आणली. पाणी मोजून भरतो, कारण एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ट्रकच्या दारावरच्या पट्टीत छापलेला भार हाच शेवटचा शब्द. मला यात कंजुषी दिसत नाही. जे घर मिटवून सोबत न्यायचं, त्यात काय नको हे ठरवण्यातच घराचं रूप तयार होतं.

पहिला लांबचा प्रवास दक्षिण कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानाचा. सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांच्या पायथ्याशी उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या कुशीतून वाहणारा मेदानो ओढा. वसंत सरताना बर्फ वितळून त्याला पाणी येतं. तळाशी वाळूचे छोटे बांध आपोआप तयार होतात, फुटतात आणि पाणी लाटांनी पुढे येतं. मुलं त्यात तासन्‌तास बसली. संध्याकाळी वारा सुटला, कापड फडफडलं, पण शिवण हलली नाही.

तिथली उंची अडीच हजार मीटर. पाणी बाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. म्हणून प्रेशर कुकर आमच्यासोबत असतोच. त्याचं वजन मात्र मला कधी जड वाटलं नाही. तिसरी शिट्टी झाली आणि शेजारच्या तळावरचे एक आजोबा उठून आले. वाटलं, आवाजाची तक्रार असेल. ते सरळ गाडीच्या पुढच्या बाजूला गेले आणि पलंगाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहिला. मग शिवणीकडे वळले. दोरा कोणता, काठ असे का दुमडले, हे विचारलं. मी काकांचं कौलांचं सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून शिवणीचं चित्र काढून घेतलं आणि आम्हाला त्यांचा कॅम्पर दाखवायला घेऊन गेले. तो आमच्याहून जुना होता, आणि त्याचं कापड अजून शिवायचं होतं. जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी टॉर्चच्या उजेडात त्याची मापं घेतली, आधी मिटलेल्या छताची.