खोपोली की गोराई?

परीक्षा संपली, दप्तर माळ्यावर गेलं आणि आता घरोघरी एकच भांडण सुरू झालं असेल. कुठं जायचं? बाबांना रजा मिळते दोन दिवसांची, आईला हवी शांतता, आजीला हवं देवदर्शन आणि तुम्हाला हवी वरून धाडकन खाली येणारी, उलटीपालटी होणारी गाडी. बरोबर ना?

आमच्याकडेही हेच चाललंय. मी मामा. माझा भाचा तेरा वर्षांचा, भाची नऊ वर्षांची. दर सुट्टीत ताई दोघांना घेऊन पुण्याला आमच्याकडे येते आणि 'मामा, पार्क!' हा घोषा सुरू होतो. गेल्या वर्षी मी काहीच विचार न करता निघालो होतो. कुठं ते सांगत नाही, कारण चूक पार्कवाल्यांची नव्हती, माझी होती. दिवस निवडला १ मे. सगळा महाराष्ट्र रजेवर! सगळ्यात मोठ्या गाडीच्या रांगेत आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो. भाचा बहिणीला सारखा सांगत होता, "तुझ्या शेजारी मीच बसणार. घाबरलीस तर माझा हात धर." अखेर दार आलं. दाराशी उंची मोजायची पट्टी होती. भाची टाचा उचलून उभी राहिली. तिथल्या दादानं हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि टाचा खाली आल्या. चार बोटं कमी!

भाच्यानं तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि तो आत गेला. पन्नास मिनिटं उभं राहिल्यावर तुम्ही काय केलं असतं? मी त्याला बोललो नाही. आम्ही दोघं कठड्यावर बसलो. मी पॉपकॉर्न घेतलं, तिनं एक दाणाही तोंडात टाकला नाही. भाचा खाली आला तेव्हा त्याचे केस उभे होते आणि तोंड मात्र बंद. पुण्यापर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून या वर्षी आम्ही आधी कागद-पेन्सिल घेतली. तुम्हीही घ्या. पहिलं काम, घरातल्या प्रत्येक मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा आणि रेघ मारा. मग पार्कमध्ये फोन करून विचारा, कोणत्या खेळाला किती उंची लागते. ही अट धीटपणाची नसते बरं का! छातीवर किंवा मांडीवर जो दांडा येऊन बसतो, तो ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. शरीर त्याहून लहान असलं तर तो नीट आवळून बसत नाही. तेव्हा बुटक्या वीरांनो, पट्टीला नावं ठेवू नका. आणखी एक गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी मुलांचं तिकीटसुद्धा वयावर नाही, उंचीवर ठरतं. मोजमाप घरीच झालेलं असलं की खर्चाचा अंदाजही घरीच येतो आणि बाबा खिडकीपाशी दचकत नाहीत.

आता गणित. पार्कात तुम्हाला सात तास मिळाले असं धरा. एक तास जेवणाखाण्यात गेला. गर्दीच्या दिवशी एका खेळाला पाऊण तास लागला, तर किती खेळ झाले? आठ! आणि त्यातला खरा खेळ प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचा. म्हणजे दोन दिवसांत दोन पार्क करू म्हणणारा माणूस बहुतेक वेळ मोटारीत आणि रांगेतच घालवणार. एकच पार्क घ्या, पण आडवारी जा.

पण कोणता? ताईचं मत पडलं गोराईला. ती शाळेच्या सहलीतून तिथल्या एस्सेल वर्ल्डला गेली होती. खाडी ओलांडून लाँचनं जायचं, पलीकडे पाळणे दिसायला लागले की सगळा वर्ग ओरडायचा, हे ती अजून सांगते. तुमच्या आईबाबांना विचारा, टीव्हीवरची त्याची जाहिरात त्यांना आजही चालीसकट पाठ असेल. पण १९८९ साली सुरू झालेलं ते एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. ताईला हे माहीत नव्हतं. ती जरा वेळ गप्पच बसली. शेजारचं वॉटर किंगडम १९९८ चं. बोरिवली-मालाडच्या मुलांना ते जवळ पडतं. आम्हा पुणेकरांना मात्र अख्खी मुंबई ओलांडावी लागते. शिवाय पाण्याच्या पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. आजी म्हणाली, "मी काय नायलॉन घालू?" विषय संपला!

राहिली खोपोली. तिथं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाली म्हणजे अष्टविनायकातला बल्लाळेश्वर! आजीचा चेहरा असा काही उजळला की पुढचं बोलायलाच नको. पहिला दिवस आजीचा आणि पालीचा, मुक्काम, दुसरा दिवस पार्कचा. मंगळवारी देवळात गर्दी असते म्हणून निघायचं बुधवारी.

इमॅजिकात 'राजासौरस' नावाची होडीतली सफर आहे. अंगावर पाणी उडतं आणि डायनासोर दिसतात. हा डायनासोर परदेशी नाही. त्याची हाडं गुजरातमधल्या रहिओली गावाजवळ सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं राजासौरस नर्मदेन्सिस, म्हणजे नर्मदेकाठचा राजा. आता आणखी मजा ऐका. पार्कच्या पाठीशी सह्याद्रीचे काळे कडे उभे आहेत ना, ते लाव्हाच्या थरांचे आहेत. तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. राजासौरस हिंडत होता तोही काळ साधारण तोच! होडीतून उतरलात की मान वर करून त्या कड्यांकडे जरूर बघा. तेवढं फुकट आहे.

भाच्याला मात्र राजासौरसशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवी 'नायट्रो'. सुमारे ४० मीटर उंच, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत म्हणा. पाच वेळा उलटं करते आणि पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबकळतात. साखळी गाडीला एकदा वर ओढून नेते, तिथून पुढे इंजिन नाही की पेट्रोल नाही. विज्ञानाच्या पुस्तकात स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा असे दोन कंटाळवाणे शब्द आहेत, आठवतात? वर साठलेली पहिली ऊर्जा खाली येताना दुसरी होते आणि गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पळते. मला विचाराल तर मी कठड्यावरच बरा.

आता खरी अडचण. चौकटीवरची रेघ सांगत होती की भाचीची उंची होडीला पुरते, नायट्रोला यंदाही दोन बोटं कमी. भाच्यानं यादीतून नायट्रो खोडली. मग पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली. कागदाला भोक पडायची वेळ आली. शेवटी म्हणाला, "जाऊ दे, मी नाही बसत."

"का नाही बसत?" भाचीनं विचारलं.

"तू मग गाडीत तोंड फिरवून बसतेस."

"तू गेलास म्हणून नव्हती बसले," ती म्हणाली. "तू आल्यावर काहीच सांगितलं नाहीस म्हणून. मला वाटलं, सांगण्यासारखं काहीतरी भारी होतं आणि ते फक्त तुझंच."

भाचा गोंधळला. मग त्यानं कबूल केलं की तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्यानं सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते!

आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. तर असं ठरलंय. आधी दोघं मिळून होडी, मग जेवण, आणि नायट्रो सगळ्यात शेवटी. डोळे उघडे ठेवायचे आणि खाली आल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचं. भाचीनं त्यासाठी वहीत प्रश्नही लिहून ठेवलेत. अकरा झालेत.

तुमच्या घरी कोण दोन बोटं कमी आहे? आधी त्याला विचारा, मग यादी करा.

आम्ही बुधवारी पहाटे निघतो. आज सकाळी मी सहज चौकटीकडे पाहिलं, तर पेन्सिलीची आणखी एक रेघ, कालच्या रेघेच्या चांगली दोन बोटं वर. शेजारी स्टूल होतं. "मामा," भाची म्हणाली, "परवा तू वही वाकडी धरली होतीस."