स्वाध्याय आणि एक तांबडी फुली

विद्यार्थ्यांनीं स्वावलंबी व्हावें, स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें व स्वतःच्या बुद्धीनें विचार करावा, असा उपदेश आम्ही शिक्षक वारंवार करीत असतों. बक्षीससमारंभाचें भाषण तर या उपदेशावांचून पुरेंच होत नाहीं. परंतु एखादा विद्यार्थी खरोखरच स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं लागला म्हणजे आमची काय अवस्था होते, हें सहसा कोणी सांगत नाहीं. तें सांगण्यासाठींच आज आम्हीं लेखणी हातीं धरली आहे. गोष्ट आमच्याच चुकीची असल्यामुळें ती सांगतांना संकोच वाटतो. पण या अंकाचे बहुतेक वाचक आमचे विद्यार्थीच आहेत, आणि त्यांच्यापासून ती लपवून ठेवणें बरें नव्हे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे सातव्या इयत्तेचा भूगोल होता. सहामाही परीक्षेंत आम्हीं एक सोपा प्रश्न घातला : सावली सर्वांत आखूड केव्हां असते? 'दुपारीं बारा वाजतां' हें उत्तर अपेक्षित होतें, आणि साऱ्या वर्गानें तेंच लिहिलें. एका मुलानें मात्र 'साडेबाराच्या सुमारास' असें लिहिलें. आम्हीं क्षणभरहि विचार न करतां त्यावर तांबडी फुली मारली.

पेपर वाटले त्या दिवशीं तो मुलगा टेबलापाशीं येऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांचें सायकलदुरुस्तीचें लहानसें दुकान होतें व रविवारीं तो त्यांच्या हाताखालीं काम करी. तो हळूच म्हणाला, "सर, आमच्या दुकानासमोर विजेचा खांब आहे. बारा वाजून गेले तरी त्याची सावली आखूड होतच राहते. मीं खडूनें खुणा केल्या होत्या."

आम्ही म्हणालों, "अरे, पुस्तकांत आहे तें लिहावें. खांबाला विचारून कोणी परीक्षा पास होत नाहीं."

वर्ग हंसला. मुलगाहि कसनुसा हंसला आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतर कित्येक महिने त्यानें एकहि शंका विचारली नाहीं. त्याचीं उत्तरें पुस्तकाशीं तंतोतंत जुळूं लागलीं व गुणहि वाढले. पुढच्या चांचणीनंतर आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत 'चांगली सुधारणा' असा शेरा दिला!

फेब्रुवारीच्या मध्यास शाळेच्या क्रीडास्पर्धा चालल्या होत्या व आम्ही ध्वजस्तंभाजवळ उभे होतों. बाराची घंटा झाली आणि आमची दृष्टि सहज जमिनीकडे गेली. स्तंभाजवळची भिंत दक्षिणोत्तर आहे. ऐन मध्यान्हीं सावली त्या भिंतीशीं समांतर पडावयास हवी; पण ती चांगलीच तिरकी, वायव्येकडे गेली होती. खांबाचा तो साक्षीदार आम्हांस आठवला आणि उन्हांतहि अंगावर कांटा आला.

दुसऱ्या दिवशीं एक मीटर लांबीची काठी पटांगणांत रोवून आम्ही स्वतःच खुणा करीत बसलों. बारा वाजले, साडेबारा वाजले, तरी सावली घटतच होती. पावणेएक होऊन गेल्यावर ती वाढूं लागली. पुण्यासारख्या ठिकाणीं इतकीं वर्षें भूगोल शिकविणाऱ्या आम्हीं ही साधी गोष्ट कधीं पाहिली नव्हती, हें त्या काठीनें आम्हांस निमूटपणें सांगितलें.

आतां दोन मार्ग होते. गुपचूप खरें कारण शोधून काढून वर्गांत एक सुंदर व्याख्यान द्यावें, हा पहिला. त्यानें आमची प्रतिष्ठा राहिली असती. दुसरा मार्ग आम्हीं घाबरत घाबरत पत्करला. वर्गांत उभे राहून आम्हीं सांगितलें, "सहामाहींत आम्हीं एक बरोबर उत्तर चूक ठरविलें. तें बरोबर कां होतें, हें तुम्हीं शोधावयाचें आहे. काठी पटांगणांत आहे, कपाटाची किल्ली टेबलावर आहे, आणि दोन आठवडे भूगोलाचे तास तुमचे आहेत." मुलें चकित झालीं. तो मुलगा मात्र खालीं मान घालून वही उघडून बसला. तीन दिवस तो काठीकडे फिरकलाहि नाहीं. एका फुलीनें केलेली जखम एका कबुलीनें भरून येत नाहीं, हें त्या तीन दिवसांत आम्हांस कळलें.

मुलांचें काम आरंभीं गोंधळाचेंच झालें. मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते कीं, नेमका क्षण कोणता यावर भांडणें झालीं. शेवटीं कपाटांतील एका जुन्या पुस्तकांत त्यांना युक्ति सांपडली. काठीच्या बुडाभोंवतीं वर्तुळ काढावयाचें. सकाळीं सावलीचें टोंक त्या वर्तुळाला लागेल ती वेळ आणि दुपारीं पुन्हां लागेल ती वेळ टिपावयाची. दोहोंच्या बरोबर मध्यें मध्यान्ह. दोन्ही खुणांच्या मधून उत्तर दिशाहि मिळते. आपले जुने ज्योतिषी बारा अंगुलांचा शंकु रोवून हेंच करीत असत, हें वाचून मुलांना मोठा हुरूप आला.

चवथ्या दिवशीं तो मुलगा आला. त्याच्या हातांत दोरा होता व दोऱ्याला सायकलचा एक नट बांधलेला होता. त्यानें तो ओळंब्यासारखा काठीजवळ धरला आणि म्हणाला, "काठी कलती आहे." काठी सरळ करण्यांत आली. त्या दिवसापासून तो रोज येऊं लागला.

नकाशावरून एका गटानें निम्मा उलगडा केला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील आहे, पुणें ७३.९ अंशांच्या जवळ आहे. दर अंशास चार मिनिटें, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह सुमारें ३५ मिनिटें उशिरां. एका मुलीच्या आजोबांनीं सांगितलें कीं, त्यांच्या लहानपणीं मुंबईंत 'मुंबई टाइम' निराळा असे. शोधतां कळलें कीं, १९०६ सालीं प्रमाणवेळ सुरू झाल्यावरहि मुंबईनें ३९ मिनिटें मागें असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. पुस्तकांतलें 'बारा' हें सूर्याचें बारा, घड्याळाचें नव्हे!

परंतु हिशेब पुरा जुळेना. मध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांनीं यावें. काठी १२ वाजून ४९ मिनिटें म्हणत होती. चौदा मिनिटें कोठून आलीं? तेव्हां त्या मुलानें वहीचीं मागचीं पानें उघडलीं. सप्टेंबरच्या उत्तरार्धांतील रविवारच्या त्याच्या नोंदी तेथें होत्या, आणि त्यांत मध्यान्ह साडेबाराच्याहि किंचित् अलीकडे येत होतें. म्हणजे मध्यान्ह वर्षभर एकाच वेळीं होत नाहीं! त्या दोन पानांवांचून हा प्रश्न मुलांना पडलाच नसता. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे व तिचा आंस कललेला आहे, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधीं मागें, कधीं पुढें असतो. फेब्रुवारींत सुमारें १४ मिनिटें मागें, नोव्हेंबरच्या आरंभीं सुमारें १६ मिनिटें पुढें. हें मुलांनीं ग्रंथांतूनच मिळविलें, पण शोधावयाचें काय, हें त्यांना वहीनें सांगितलें.

स्वाध्यायाच्या पद्धति नव्या नाहींत. हेलन पार्कहर्स्ट यांनीं १९२० सालीं अमेरिकेंतील डाल्टन गांवीं विद्यार्थ्याला महिन्याचें काम नेमून देऊन तें त्याच्या गतीनें करूं दिलें. त्याच दशकांत पंजाबांतील मोगा येथील मिशनच्या शाळेंत प्रत्यक्ष कामांतून शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. या पद्धति आम्हीं शिक्षणशास्त्राच्या परीक्षेसाठीं पाठ केल्या होत्या; त्यांचा अर्थ मात्र त्या काठीपाशीं कळला. स्वाध्याय म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणें नव्हे. काठी, किल्ली आणि वेळ हीं आम्हीं द्यावयाचीं असतात. उत्तर तेवढें आम्हीं द्यावयाचें नसतें, आणि आमचें उत्तर चूक ठरण्याची तयारी ठेवावयाची असते. हें शेवटचें सर्वांत कठीण.

काम संपल्यावर तो मुलगा पुन्हां टेबलापाशीं आला. "सर," तो म्हणाला, "मग आतां पेपरांत काय लिहावयाचें?"

आम्ही कांहीं वेळ स्तब्ध झालों. शिक्षणावरचे सारे ग्रंथ एका बाजूस आणि हा प्रश्न एका बाजूस. शेवटीं आम्ही म्हणालों, "जें पाहिलेंस तें लिही, कसें पाहिलेंस तेंहि लिही." तो म्हणाला, "आणि पेपर दुसऱ्या कोणी तपासला तर?" याचें उत्तर आम्हांस आजहि नीट देतां येत नाहीं. आमच्या हातांत होतें तेवढें आम्हीं केलें. तेव्हांपासून आमच्या पेपरांत प्रश्न असा असतो : सावली सर्वांत आखूड केव्हां असते, हें तुम्ही कसें ठरवाल?

विद्यार्थिमित्रहो, ती काठी अजून पटांगणांत आहे. डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास मध्यान्हीं तिची सावली ९० सेंटिमीटर असते. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास एके दिवशीं ती अजिबात नाहींशी होते. सुटींत तुम्ही आपापल्या गांवीं जाल. तेथें असा दिवस कोणता, तें स्वतः काठी रोवून पाहा, वहींत टिपा, आणि जूनमध्यें आम्हांस दाखवा. फक्त बरोबर बारा वाजतां पाहून परत फिरूं नका. ती चूक आम्हीं तुमच्या वतीनें आधींच करून ठेवली आहे.